जिरोतीसाठी फोडलेलं प्लास्टर

बुऱ्हाणपूरचे निम्मे हातपाय माझ्या हातून गेलेत, असं मी कुठं अभिमानानं सांगायला लागलो की आमची बायको मधेच म्हणते, असं बोलू नका हो, लोकांना वाटेल तुम्हीच तोडले.

तर आधीच खुलासा करतो. मी तोडणारा नव्हे, बांधणारा. शनवारा दरवाजाच्या अलीकडं एका हाडांच्या दवाखान्यात मी जन्मभर प्लास्टर घातलं आणि प्लास्टर कापलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आमच्या डॉक्टरसाहेबांना ते आवडायचं नाही. हाड जागेवर बसवणं हे साहेबांचं काम, आणि बसवलेलं हाड तिथंच गुमान राहील हे बघणं माझं. बरं वाटलं की लोक नाव साहेबांचं काढत आणि शिव्या मला देत, कारण खाज प्लास्टरच्या आत सुटते.

ज्यांच्या नशिबी प्लास्टर आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या जाळीच्या पट्टीची गुंडाळी येते. आधी हाताला कापूस लपेटायचा. मग पट्टी कोमट पाण्यात बुडवून, हलकी पिळून, एकावर एक थर देत फिरवायची आणि तळव्यानं चोळत राहायचं. बोटांनी दाबायचं नाही. दाबलं की आत खड्डा पडतो आणि तो पुढं कातडीला बोचतो. थोड्या वेळानं प्लास्टर गरम होतं. इथं पेशंट हमखास म्हणतो, भाऊ, आत आग लागली. मी म्हणायचो, लागू दे, आपोआप विझेल. मग माझं पाठ झालेलं भाषण सुरू. हात गळ्यात अडकवून वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची, बोटं काळीनिळी पडली तर असाल तसे निघून यायचं. आणि पाण्यापासून जपायचं. पाणी लागलं की प्लास्टर ढिलं पडतं, आणि ढिलं प्लास्टर असून नसून सारखंच.

पुढं पुढं या भाषणात मी एक वाक्य वाढवलं. प्लास्टरवर चित्रं काढायची नाहीत.

हसू नका. पांढरं कोरं प्लास्टर दिसलं की आमच्या भागातल्या माणसाला काय होतं देव जाणे. बहादरपूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पायाला मी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं होतं. पोळ्यानंतर तो आला तेव्हा मला घेरीच यायची बाकी होती. सगळ्या पायावर गेरूचे पंजे उठवलेले, घोट्याला गोंडा, गुडघ्यावर हिरवे ठिपके. बैल रंगवून झाले, रंग उरला, मग या पायानं काय पाप केलं होतं, असं त्याचं म्हणणं. रंगाच्या ओलीनं प्लास्टर दोन जागी पोचट झालेलं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, सहा आठवडे हा माझ्याबरोबर जुंपलेला आहे, त्याला कोण सजवणार?

दुसरा एक पॉवरलूमवर काम करणारा माणूस. मनगट मोडलं, लूम बंद, घरी बसला. प्लास्टर कापायला आला तर कोपरापासून बोटांपर्यंत बॉलपेननं साडीचा काठ काढलेला. बुट्ट्या, वेल, कंगोरे. एक धागा इकडचा तिकडं नाही. कारखान्यात तो आयुष्यभर साधा पांढरा कपडाच विणत होता, काठाचं काम कधी त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. प्लास्टर कापायचं आमचं गोल पात्याचं मशीन नुसतं थरथरतं, कातडीला लागत नाही, हे पटवायला मी ते स्वतःच्या तळहातावर लावून दाखवतो. या गड्याला तशी भीती नव्हतीच. त्याला एवढंच हवं होतं की काठ तुटू नये. मी कपाळाला हात लावला आणि मागच्या बाजूनं कापलं. ते पोकळ प्लास्टर त्यानं पिशवीत घालून घरी नेलं.

अशा लोकांचं मला नवल वाटायचं आणि रागही यायचा. चित्रं, नक्षी, रंगरंगोटी हे सगळं पोट भरल्यावरचं, हातपाय धड असताना करायचं काम, असं माझं स्वच्छ मत होतं. मोडलेलं माणूस आधी बरं झालं पाहिजे. मग काय ताजमहाल बांधायचा तो बांधा. हे मत मी चारचौघांत ठासून मांडायचो. माझं बोलणं कसं बंद झालं तेच आता सांगतो.

फोपनारच्या कोकिळाबाई केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडल्या. पडताना माणूस हात पुढं करतो आणि मनगट देतो. उजवं मनगट, दोन्ही हाडं. साहेबांनी ओढून बसवलं, मी प्लास्टर घातलं. बाई पंचेचाळीशीच्या, बारक्या, फार कमी बोलणाऱ्या. दुखलं तरी नुसतं ओठ दाबायच्या. अशा पेशंटची मला काळजी वाटत नाही, ओरडणाऱ्यांची वाटते. तिथंच मी फसलो.

दोनेक आठवडे झाले आणि आषाढातली अवस आली. आपल्या मराठी घरांत त्या दिवशी दिवे घासतात, पुजतात. आमच्याकडं निमाडचा शेजार असल्यानं तिला हरियाली अमावसही म्हणतात, आणि गावोगावच्या बायका त्या दिवशी भिंतीवर जिरोती काढतात. जिरोती म्हणजे घरातल्या लेकरांना राखणारी देवी. भिंत सारवून, काडीला कापूस गुंडाळून, गेरू, हळद, कुंकू, काजळ घेऊन तिला चितारायचं. तिच्या मांडीवर, आजूबाजूला, पाळण्यात घरची पोरं काढायची. सकाळी उपाशीपोटी, आंघोळ करून. आमच्या घरी मात्र बायको बाजारातून जिवतीचा छापील कागद आणते आणि देव्हाऱ्याशेजारी चिकटवते. त्यात गोबऱ्या गालांची बाळं असतात. काम पाच मिनिटांत होतं.

त्या अवसेला दुपारी कोकिळाबाई आल्या. बरोबर त्यांच्या मोठ्या जाऊबाई, इंदूबाई. कोकिळाबाईंचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. मी फडकं सोडलं. आत प्लास्टर नव्हतं. मनगट सुजून टम्म, हात एका अंगाला कललेला, आणि बोटं नखापर्यंत लाल. मला वाटलं हाड कातडी फोडून बाहेर आलं. मी वाकून जवळून बघितलं. मग वास आला. गेरूचा.

"प्लास्टर कुठंय?"

"गोठ्यात," त्या म्हणाल्या.

पहाटे उठून त्यांनी गोठ्यात बादलीभर कोमट पाणी घेतलं, त्यात हात बुडवून बसल्या, प्लास्टर मऊ पडल्यावर केळीची पानं कापायच्या विळ्यानं एकेक थर सोलून काढला. डाव्या हातानं, एकट्यानं. मग आंघोळ केली आणि मोडक्या उजव्या हातानं जिरोती काढली. एवढं सगळं त्यांनी असं सांगितलं की जणू धुणं धुऊन आल्या.

माझा संताप अनावर झाला. मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. प्लास्टर म्हणजे काय बांगडी आहे का, हवी तेव्हा काढली, हवी तेव्हा चढवली? देवानं हात दिला, आम्ही तो जोडून दिला, आणि तुम्ही भिंत रंगवायला तो परत मोडून घेतला? माझा आवाज ऐकून साहेब आत आले. त्यांनी एक्स-रेचा फोटो काढायला लावला. हाड सरकलं होतं, दोन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं. पुन्हा भूल द्यायची, पुन्हा ओढायचं, पुन्हा बसवायचं. साहेब हळू आवाजात बोलणारे. त्यांनी बाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आता हा हात पहिल्यासारखा वळेल याची मी हमी देत नाही.

"चालेल," कोकिळाबाई म्हणाल्या.

मला प्लास्टर नसल्याचा धक्का बसला नव्हता तेवढा या एका शब्दाचा बसला. शेतात, चुलीपाशी राबणारी बाई. उजव्या हाताशिवाय तिचं पान हलत नाही. आणि हात जाईल म्हटलं तर म्हणते, चालेल.

साहेबांनी हाड बसवलं, मी कोपर धरून उलट्या बाजूला ओढलं. भूल हातापुरतीच होती, बाई जाग्या होत्या. मी प्लास्टरची पट्टी भिजवली. स्पिरिटनं गेरू पुसला, पण नखांच्या कडेचा निघता निघेना. माझा राग तोवर ओसरला होता आणि जागी झाली होती ती चौकशीखोर जीभ. मी म्हणालो, बाई, डाव्या हातानं काढायची होती. त्या म्हणाल्या, देवाचं डाव्या हातानं नाही करत. बरं, मग माझ्या बायकोसारखा छापील कागद आणायचा होता. यावर त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"कागदात पवन कुठं आहे, भाऊ?"

मग थोडं थोडं करून कळलं. पवन त्यांचा एकुलता एक मुलगा. चार-पाच वर्षांमागं केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून दिल्लीकडं गेला. घरात काही भांडण नाही, तंटा नाही. वाटेत कुठल्याशा ढाब्यावर ट्रक थांबला, तो उतरला आणि परत चढलाच नाही. ड्रायव्हर म्हणतो, लघवीला गेला असं वाटलं. फोन बंद. पोलिसात लिहून दिलं, बाप दोनदा जाऊन हुडकून आला, देवाधर्माचं झालं. जिवंत म्हणावा तर पत्ता नाही, मेला म्हणावा तर पुरावा नाही.

आणि त्यांच्या घरची रीत अशी की जिरोतीत घरची हयात लेकरं काढायची. गेलेलं मूल भिंतीवर काढत नाहीत. दरसाल कोकिळाबाई जिरोती काढत आणि दरसाल पवनला काढत. तेही गेला तेव्हा होता तसा नव्हे. एका सालानं मोठा. कुठल्याशा साली उंच काढला, कुठल्याशा साली अंगानं भरलेला. "मागच्या साली त्याले मिशी काढली," त्या म्हणाल्या, आणि असं काही हसल्या की मला खाली पट्टीकडं बघावं लागलं.

या साली हात मोडला. इंदूबाईंच्या नातवाचा नुकताच जन्म झालेला, महिन्याभराचं बाळ घरात. इंदूबाई म्हणाल्या, या बारीला जिरोती मी काढते. आणि मी डोळ्यांसमोर आहेत तेवढेच काढीन. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला तान्ह्या बाळाच्या पाळण्याशेजारी काढणं बरं नाही. घरातले पुरुष गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे होच.

"मी त्याले एक साल नाही काढलं, भाऊ, म्हणजे मीच त्याले मेला म्हटलं," कोकिळाबाई म्हणाल्या. म्हणून जाऊबाई उठायच्या आत गोठा, बादली आणि विळा.

माझे हात प्लास्टरवर फिरत राहिले. माझ्या तोंडात येणारं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. पोट भरल्यावरचं काम म्हणे. ही बाई पोट भरणारा हात पणाला लावून एक चित्र काढून आली होती, आणि ते चित्र घराची शोभा वाढवायला नव्हतं, कुणी बघून वाहवा करावी म्हणूनही नव्हतं. त्या भिंतीवर तिचा मुलगा अजून घरात राहत होता आणि दरसाल त्याला तिथं ठेवायला कुणीतरी काडी हातात धरायला हवी होती. मी तीस-पस्तीस वर्षं या गावात राहतो, दर अवसेला शेजारच्या भिंती रंगलेल्या बघतो, आणि त्यात माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. थोबाडीत मारल्यासारखं झालं.

माझ्या रागाला मग दुसरं गिऱ्हाईक हवं होतं. बाहेर बाकावर इंदूबाई पदर आवळून बसल्या होत्या. थोरल्या, दणकट, चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्या. मी त्यांना गाठलं. म्हटलं, बाई, एक पोरगं भिंतीवर जास्त झालं असतं तर तुमचं काय बिघडत होतं? जावेचा हात गेला ना. त्यांनी माझ्याकडं न बघता एवढंच म्हटलं की घरात बारकं बाळ आहे, भाऊ. आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. दगड आहे, मी मनात म्हटलं. घरी येऊन बायकोलाही तसंच सांगितलं. बायको त्या संध्याकाळी जिवतीच्या कागदापुढं बराच वेळ बसून होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण हा किस्सा सांगितला की सगळे तेच विचारतात. हात पूर्ण सुधारला नाही. काम होतं, भाकरी थापता येते, पण तळहात वर करून ओंजळ धरता येत नाही, अर्ध्यातच अडकतो. साहेबांनी पुढं व्यायाम दिले, मी स्वतः करून घेतले, पण पहिलं बसवलेलं हाड ते पहिलंच. त्याची हळहळ मला अजून आहे. आणि पवन आला का? नाही. हे लिहीपर्यंत तरी नाही.

तर तपासणीच्या ठरल्या दिवशी कोकिळाबाई आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. साहेब म्हणाले, परत सोललं की काय बाईनं? ते गमतीनं म्हणाले, पण मी ते गमतीत घेतलं नाही. माझ्या चुलतभावाचं घर फोपनारलाच आहे, त्याच्याकडं जायचं निमित्त करून मी स्कूटर काढली.

प्लास्टर जागेवर होतं. मी आधी तेच बघितलं. बोटं गरम, रंग ठीक, हालचाल ठीक. वावरात केळीची कटाई चालू होती, घरचे पुरुष सगळे तिकडं, दवाखान्यात आणायला माणूस नव्हता, एवढंच कारण. कोकिळाबाई पडवीत बसून डाव्या हातानं लसूण सोलत होत्या. बाळ झोळीत झोपलेलं. आतून इंदूबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मला त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

मग समोरच्या भिंतीकडं लक्ष गेलं.

मी चित्रातला जाणकार नाही. पण मोडलेल्या हाताची ताकद किती, हे मला कळतं. त्या भिंतीवर मला तो हात दिसत होता. जिरोतीची चार रूपं ओळीनं उभी, त्यांच्या चौकटीच्या रेघा थरथरलेल्या, एका देवीचा खांदा घसरलेला, कुठं काडी निसटून लाल ओघळ गेलेला. मधोमध मोठा पाळणा. त्याच्या दोऱ्या, त्यावरचा राघू, आत बाळ, बाळाच्या पायात वाळे. इतकं बारीक काम की एवढं करताना हाताला काय कळा आल्या असतील ते माझ्या अंगावर आलं. आणि पाळण्याच्या शेजारी एक उंच तरणा मुलगा. मिशी, खांद्यावर गमछा. वरचं अंग काढता काढता रेघ फिकट होत गेलेली, कमरेखाली ती जवळजवळ दिसेनाशी झालेली.

पण गुडघ्याखाली एकदम दुसरीच रेघ सुरू होत होती. जाड, ठसठशीत, न थरथरलेली. दोन मोठे रांगडे पाय, बोटं मोजून घ्यावीत अशी स्वच्छ, आणि दोन्ही पावलं आतल्या दाराकडं वळलेली.

मी कोकिळाबाईंना विचारलं, हे पाय कोणाच्या हातचे?  त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला.

आतला भाकरीचा आवाजही थांबला. इंदूबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. भिंतीकडं बघतच त्या म्हणाल्या, "मी उठले तं ही भिंतीशी बसून होती. हातातली काडी खाली पडलेली. आधी माझ्या नातवाचा पाळणा काढला तिनं, तिथंच हाताचं बळ सरलं. पवन अर्धाच राह्यला."

 बाळानं झोळीत चुळबुळ केली, तसा त्यांनी कोपरानंच झोळीला हलकासा झोका दिला.

"पाय नाही काढले तं तो घरी येईल कसा, भाऊ?"